ओन्नी पेल्कोनेनची पन्नास पावलं

आमच्या शिकारीच्या कॅम्पात नियम बरेच होते, पण लिहिलेला एकच. दाराच्या आतल्या फळीवर, सुताराच्या जाड पेन्सिलीनं: ‘उभं राहून, स्वतःच्या बंदुकीनं, पन्नास पावलांवरून, तीनपैकी दोन ताटलीत. एकदा चुकला तर हंगामाच्या आदल्या दिवशी आणखी एकदा. तेव्हाही चुकला तर बंदूक खुंटीला आणि माणूस चुलीपाशी.’ खाली सही ओन्नी पेल्कोनेनची. साल १९५९.

ताटली म्हणजे ॲपल-पाय भाजायची, पत्र्याची, वीतभर रुंद, झाडाच्या बुंध्याला ठोकलेली. ती ओन्नीच्या बायकोची, सायमाची. दर नोव्हेंबरला एक ताटली जायची आणि दर नोव्हेंबरला सायमा तेच बोलायची, “हरणं तुम्ही मारता आणि भोकं माझ्या भांड्यांना.”

नियमामागचं कारण ओन्नीनं कधी लपवलं नाही. अठ्ठावन्न साली त्यानं एका नरावर घाईत गोळी झाडली. ती पोटात लागली. दोन दिवस तो बर्फातल्या रक्तामागे चालला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ पडला आणि माग बुजला. एप्रिलमध्ये कावळ्यांनी जागा दाखवली. नऊ टोकांची शिंगं होती. ती त्यानं घरी आणली नाहीत. पुढच्या हंगामाआधी दारावर नियम लिहिला, आणि पहिला नेम स्वतः धरला.

मी त्याच्याबरोबर सॉमिलमध्ये, लाकूड कापायच्या गिरणीत, एकतीस वर्षं काढली. मी यंत्रं दुरुस्त करायचो, तो करवतींना धार लावायचा. त्या करवती म्हणजे चाळीस फुटांचा पोलादी पट्टा, दोन चाकांवर फिरणारा. एक दात केसभर कमी-जास्त असला तर फळी नागमोडी निघते. ओन्नी पट्ट्यावरून अंगठा फिरवायचा, डोळा बारीक करायचा आणि खडूनं खूण करायचा. त्याची खूण चुकल्याचं मला आठवत नाही. नवा मुकादम आला की म्हणायचा, आता मोजायचं यंत्र घेऊ. सहा महिन्यांनी यंत्र कोपऱ्यात आणि ओन्नी आपल्या बाकावर.

त्याची रायफल त्याच्या बापाची. विंचेस्टर, थर्टी-टू स्पेशल, सत्तावीस साली लोखंडाच्या खाणीतल्या मजुरीतून घेतलेली. ट्रिगरभोवतीची कडी खाली ढकलायची आणि वर ओढायची: रिकामं कवच उडतं, नवं काडतूस आत बसतं. बस्स. तिच्या पोलादावरचा काळा रंग हातानं धरायच्या जागी पार उडून गेला होता, आणि तिथे ती चांदीसारखी झाली होती. तिथेच तिचा तोल होता. एका हातात लोंबकळत धरून दिवसभर दलदलीतून चाला, खांदा दुखत नाही. दुर्बीण नाही, पट्टा नाही. नळीच्या टोकाला माशी, म्हणजे नेमाचा बारीक उंचवटा, मागे खाच, आणि मध्ये काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं.

आम्ही सगळे तसेच शिकलो. माझी थ्री-ओ-थ्री सॅव्हेज होती. तिची काडतुसं दुकानात मिळेनाशी होऊन वीस वर्षं झाली. दुकानदार विचारतो, “आजोबा, दुसरं काही चालेल का?” चालत नाही. नळीला जे काडतूस बसतं तेच चालतं. आता पोरांकडे तीनशे पावलांवरून मारणाऱ्या रायफली आहेत. चांगल्या आहेत, मी नाही म्हणत नाही. पण तीनशे पावलांवरून मारणाऱ्याला हरणाचा कान हललेला ऐकू येत नाही. आम्हाला यायचा. जवळ जायचं हेच काम होतं. गोळी झाडणं हा कामाचा शेवट.

आता शहाण्णव सालाकडे येतो. ओन्नी तेव्हा चौऱ्याहत्तरचा, मी एकोणसत्तरचा. तीन नोव्हेंबरला, रविवारी, आम्ही कॅम्पात जमलो. हंगाम दर वर्षीप्रमाणे पंधराला सुटायचा होता. कॅम्पाची व्यवस्था आता डेलकडे होती. डेल बर्टोल्डी, ओन्नीचा जावई. रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो. अंगानं दांडगा, मनानं मऊ. सासऱ्याला पॉप, म्हणजे बाबा, म्हणतो.

सगळ्यांनी नेम धरले. डेलचे तीनही ताटलीत. माझे दोन. मग ओन्नी रेषेवर उभा राहिला. घोडा मागे ओढला. नेम धरला. ट्रिगर दाबला.

टक्. मग श्वासभर शांतता. मग धाड.

उशिरा पेटलेलं काडतूस. गोळी झाडामागच्या मातीत गेली. दुसऱ्याला नुसतंच टक्. ओन्नीनं नळी निशाणाकडेच ठेवून पुरतं अर्धं मिनिट वाट पाहिली, मग कडी ओढली आणि मुकं काडतूस खिशात टाकलं. तिसरं व्यवस्थित वाजलं. ताटली हलली नाही. गोळी डावीकडे, हातभर लांब, शेजारच्या झाडाच्या सालीत घुसली होती.

“काडतुसं मेलीत, पॉप,” डेल म्हणाला. “ही मोजायची नाहीत. माझी रायफल घ्या, दुर्बिणीतून बघा, दोन मिनिटांत होईल.”

“नियम वाच.”

“नियम तुम्हीच लिहिलाय. तुम्हाला कोण अडवणार?”

“मीच.”

“अहो, डिसेंबरात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. एक वर्ष सूट घेतली म्हणून आभाळ कोसळणार नाही. कोणी काही म्हणणार आहे का इथं? क्लेम, तू म्हणशील?”

“मी म्हणेन,” मी म्हणालो.

डेलनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याच्या गाडीचं ब्रेक-तेल पिऊन टाकलंय. ओन्नीनं मात्र मान हलवली. सदतीस हंगाम त्यानं नियम पाळला होता. त्यातल्या दोन हंगामांत चांगल्या मित्रांच्या बंदुका खुंटीला टांगल्या होत्या, आणि त्यातला एक तर पुढे आमच्याशी बोललाच नाही. आता स्वतःला सूट दिली असती तर त्या दोघांना काय सांगणार? आणि नाही जमलं, तर लढाईची वर्षं सोडता आयुष्यात पहिल्यांदा पंधरा नोव्हेंबरच्या सकाळी तो चुलीपाशी बटाटे सोलत बसणार होता. दोन्ही गोष्टी त्याला नको होत्या. हातात अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. काडतुसांचा खोका सौनाबाहेरच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराबाहेरच्या, कपडे बदलायच्या खोलीत, वरच्या फळीवर होता.

“इथे ठेवतोस?” मी विचारलं.

“बापानं इथेच ठेवली. घरातली सगळ्यात कोरडी जागा. भट्टी पेटली की लाकूडसुद्धा सुकून वाजतं.”

“आणि वाफ?” सायमा दारातून म्हणाली. “दर शनिवारी तू दार उघडं टाकून बाहेर पळतोस, ती वाफ कुठे जाते? वीस वर्षं सांगतेय. माझे टॉवेल सुकत नाहीत त्या खोलीत, आणि याची दारू सुकणार!”

करवतीच्या दातात केसभर फरक ओळखणाऱ्या माणसानं चाळीस वर्षं काडतुसं वाफेत शिजवली होती. गावात असे आणखी दहाजण निघतील. ओन्नीनं खोका उचलला आणि तळघरात नेला. चूक कळल्यावर तो बोलत नसे, कामाला लागत असे.

ते काम मी पाहिलंय म्हणून सांगतो. एक पोकळ डोक्याची हातोडी असते. काडतूस तिच्या डोक्यात अडकवायचं आणि ओंडक्यावर आपटायचं. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला गोळी सुटून खाली पडते. जुनी दारू वेगळ्या डब्यात. ती सायमानं रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यात टाकली. झाडलेली कवचं ओन्नीनं कॉफीच्या डब्यात जपून ठेवलेली होती. ती घासली, तोंडं तपासली, दोनांना चीर होती ती फेकली. बापाचं चिमट्यासारखं हत्यार काढलं, एका वेळी एकच कवच धरणारं. बुडात ठिणगी देणारी नवी टोपी दाबली. तराजूवर दारू तोलली, प्रत्येक कवचासाठी वेगळी. मी म्हणालो, मापानं ओत, लवकर होईल. तो म्हणाला, “लवकर कुणाला हवंय?” जुनीच गोळी वर बसवली, कडा दाबल्या. दुपारपर्यंत मोजकी काडतुसं झाली. यंत्रानं तेवढ्या वेळात पेटी भरली असती. पण त्यातलं प्रत्येक काडतूस त्याच्या दोन बोटांतून गेलं होतं.

बुधवारी आम्ही खडीच्या खाणीत गेलो. चारच्या चार वाजली, लख्ख. आणि चारच्या चार डावीकडे गेली.

ओन्नीनं घोडा हळूच खाली सोडला. “काडतुसं सुधारली,” तो म्हणाला. “आता माणूस उरला.”

“डोळ्यानं किती दिसतं? खरं सांग.”

“उजव्यानं माश्या दोन दिसतात. मी मधली धरतो.”

“मधली आहे कुठे?”

“तेच ना.”

“डावा?”

“डाव्यानं ते पलीकडचं बर्चचं झाड दिसतं, त्यावरची सुतारपक्ष्याची भोकंही दिसतात.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं रायफलीकडे पाहिलं. मग ती डाव्या खांद्याला लावली, आणि शिवी हासडली. साठ वर्षं उजव्या खांद्यानं नेम धरलेला माणूस डावा होताना लंगडा दिसतो. गाल बसेना, कोपर लोंबायला लागलं, घोडा ओढायला बोट शोधावं लागलं.

पण बंदूक त्याच्या बाजूनं होती. डेलच्या रायफलीचा काडतूस भरायचा दांडा उजवीकडे असतो, डाव्या माणसाला हात वरून ओलांडून न्यावा लागतो. या जुनीला डावं-उजवं नाही. कडी बरोबर मध्ये, पोटाखाली. घोडा मध्ये. कवचसुद्धा वरून उडतं, कुणाच्या तोंडावर येत नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्यानं ती आखली त्याला माणसाला दोन खांदे असतात हे ठाऊक होतं.

तेव्हापासून ओन्नी रोज सकाळी शंभर वेळा आणि दुपारी शंभर वेळा रिकामी रायफल डाव्या खांद्याला लावायचा. गोठ्याच्या दारात एक खिळा होता, त्याच्यावर नेम. खांद्याला, गाल, माशी, श्वास, खाली. पुन्हा. मी अंगणात ओंडक्यावर बसायचो आणि चुका काढायचो.

“कोपर.”

“दिसतंय मला.”

“दिसतंय तर वर घे. साठ वेळा झाल्यावर तुझं कोपर झोपतं.”

“तू तुझी कॉफी पी.”

“डोकं बंदुकीकडे नेऊ नकोस, बंदूक डोक्याकडे आण. हेच तू मला बासष्ट साली शिकवलंस, आणि वर गाढव म्हणालास.”

“तू होतास.”

“आता पाळी तुझी.”

त्या अकरा दिवसांतल्या पाचव्या दिवशी त्याचा डावा खांदा निळा पडला होता. रिकामीनं नव्हे, खाणीत रोज पाच खऱ्या गोळ्या झाडायचा त्यामुळे. सायमानं कापराचं मलम चोळलं आणि म्हणाली, “ऑपरेशन झाल्यावर परत उजवा होणार, मग डावा खांदा मला दे, लाकडं फोडायला.” आठव्या दिवशी पाचातल्या दोन. नवव्या दिवशी तीन. दहाव्या दिवशी एकच, आणि तो संतापून घरी गेला. थकलेल्या हाताला उपदेश करण्यात अर्थ नसतो, त्याला जेवण आणि झोप लागते.

चौदा तारखेला दुपारी कॅम्पात सगळे आले होते. पातळ बर्फ पडलेला, सरोवराकडून वारा, फार नाही. चुलीवर वाटाण्याचं सूप होतं आणि सायमानं पाठवलेल्या, मांस, बटाटा आणि सलगम भरून भाजलेल्या, मोठ्या करंज्यांसारख्या पास्ट्या. डेल आधीच बाहेर जाऊन हेमलॉकच्या बुंध्याला ताटली ठोकून आला होता. हसतमुख होता. जरा जास्तच.

ओन्नी रेषेवर उभा राहिला. रायफल उचलली. परत खाली केली.

“डेल,” तो म्हणाला, “बुंधा नेहमीचा नाही.”

“नेहमीच्या बुंध्याची साल कुजलीय, पॉप. खिळा धरेना.”

ओन्नीनं रायफल माझ्या हातात दिली आणि चालायला लागला. सरळ, ठरलेल्या टांगेनं, जशी करवतीच्या पट्ट्याची लांबी मोजायचा. बुंध्याशी पोचला आणि वळला.

“एक्केचाळीस!”

डेलनं टोपी काढली आणि परत घातली.

“अरे, बर्फाची गाडी चालवतोस, रस्त्याचे मैल फुटांत सांगतोस. नऊ पावलं कुठे सांडलीस?”

“पॉप, मला वाटलं…”

“तुला वाटलं म्हाताऱ्याला भीक घालू. नऊ पावलांची.” ओन्नी ओरडत नव्हता. पण शब्द आमच्यापर्यंत स्वच्छ येत होते. “मी उद्या त्या नऊ पावलांवर हरीण जखमी केलं, तर माग काढायला तू जाशील? दोन दिवस? हातोडी आण.”

डेल हातोडी घेऊन धावत गेला. ओन्नीनं स्वतः खिळा उपसला, नऊ पावलं मागे गेला, दुसरा बुंधा धरला आणि ताटली ठोकली. डेल शेजारी उभा. परत येताना ओन्नीनं त्याच्या खांद्यावर हात टाकला होता, तेवढं मी पाहिलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही.

मग त्यानं माझ्याकडून रायफल घेतली. डाव्या हातात. बघणाऱ्यांत कुजबूज झाली, कारण ही गोष्ट मला, त्याला आणि सायमालाच ठाऊक होती.

“पॉप, उलटी धरलीत,” डेल म्हणाला.

“गप.”

खांद्याला, गाल, माशी, श्वास. धाड. ठण्. ताटलीची कड वाकली. कड म्हणजे ताटलीच. कडी खाली, कडी वर, कवच बर्फात पडून फुस्स झालं.

दुसरी गोळी. आवाज आला, ठण् आला नाही. मी जागेवरूनच ओळखलं: कोपर. तोंड उघडलं नाही.

त्यानं रायफल खाली केली. घाई केली नाही. डावा हात दोनदा झटकला, बोटांवर फुंकर मारली. सदतीस हंगामांचा नियम, आणि उद्याची सकाळ, दोन्ही आता एका काडतुसावर. तो काय विचार करत होता मला ठाऊक नाही. त्याचा चेहरा बाकावर बसलेला असायचा तसाच होता, पट्ट्यावर अंगठा फिरवताना. त्यानं बंदूक डोक्याकडे आणली. कोपर वर गेलं, आणि वरच राहिलं.

ठण्.

ताटली एका खिळ्यावर गोल फिरली. डेल असा ओरडला की झाडावरचा बर्फ पडला. ओन्नीनं कडी उघडली, नळी रिकामी आहे हे बोटानं तपासलं आणि माझ्याकडे वळला.

“दुसरीला कोपर पडलं.”

“पडलं.”

“बोलला का नाहीस?”

“नेम सुरू असताना बोलायचं नाही. तोंडी नियम आहे.”

पंधराला उजाडायच्या आत तो सीडरच्या झाडांच्या दलदलीच्या कडेला आपल्या जागी जाऊन बसला. संध्याकाळी रिकाम्या हातानं आला. बूट काढता काढता सहज म्हणाला, “आठ टोकांचा आला होता.”

सूप वाढणाऱ्याचा डाव थांबला. “मग?”

“सत्तर पावलांवर. सरळ उभा, बाजू देऊन.”

“आणि झाडली नाहीत?” डेलला राहवेना. “आठ टोकं! पॉप, सत्तर पावलांवरून तुम्ही डोळे मिटून…”

“उजव्यानं मारायचो. डाव्यानं मी पन्नासला पास झालोय, तेही काठावर. सत्तरला माझी परीक्षा झालेली नाही.”

मला सांगायला लाज नाही, मी असतो तर झाडली असती. ओन्नीनं दोन पास्ट्या खाल्ल्या आणि चांगला झोपला.

चौथ्या दिवशी सकाळी मी टेकडीच्या धारेवर होतो तेव्हा खालून एकच आवाज आला. थर्टी-टूचा आवाज नव्या रायफलींसारखा फाटत नाही, जाड असतो, दार लोटल्यासारखा. दुसरा आवाज येतो का म्हणून थांबलो. आला नाही. उतरून पोचेपर्यंत त्यानं पोट साफ करून काळीज काठीला अडकवलंसुद्धा होतं. दोन टोकांचा तरुण नर, चौतीस पावलांवर, फुप्फुसातून आरपार. जिथे उभा होता तिथून तीन उड्यांवर पडलेला.

“लहान आहे,” मी म्हणालो.

“मऊ शिजेल.”

आवाज ऐकून डेलही धापा टाकत आला. हरीण पाहिलं, मागचा पुढचा बर्फ पाहिला, रक्ताची छोटीशी रेघ पाहिली. हरणाला बांधलेल्या दोराची दोन्ही टोकं उचलली आणि खांद्यावर टाकायला लागला.

“एक टोक इकडे,” ओन्नी म्हणाला.

“मी ओढतो ना, पॉप. चढ आहे.”

“चढ आहे म्हणूनच म्हणतोय. क्लेम, तू बंदूक घे.”

डेलनं एक टोक त्याला दिलं. ओन्नीनं ते डाव्या खांद्यावर घेतलं, कळवळला, आणि उजव्यावर बदललं. दोघं वाकले आणि हरीण हललं. मी मागून रायफल लोंबकळत घेऊन चाललो, रंग उडालेल्या जागी बोटं मिटून. अर्ध्या चढावर डेल म्हणाला, “थांबू या?” ओन्नी म्हणाला, “त्या मेपलपर्यंत,” आणि मेपल आल्यावर त्याच्या पुढच्या झाडाकडे बोट केलं.